अकिलीसचे केस कोणी ओढले?

ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट वर्गात सांगितली, की एक प्रश्न हटकून येतो. मेनेलाउसला लागणारा बाण देवी वळवते, अकिलीसचा हुकलेला भाला देवी उचलून परत त्याच्या हातात देते, डायोमीडीसचा तर रथसुद्धा देवीच हाकते. मग यात त्या वीरांचा पराक्रम कुठला? सगळे देवांनीच करायचे असेल, तर ही माणसे म्हणजे कळसूत्री बाहुल्याच नाहीत का?

मुलांचा हा प्रश्न रास्त आहे. त्यावर गेल्या शतकात मोठमोठ्या विद्वानांत वाद झाला. हा वाद फक्त साहित्याच्या अभ्यासकांचा आहे असे समजून विज्ञानाच्या शिक्षकाने तो सोडून देऊ नये, असे मला वाटते. मुळात प्रश्न कार्यकारणाचा आहे. एखादी कृती घडली, तर ती कशामुळे घडली? आणि तिची जबाबदारी कोणाची? हे दोन प्रश्न एकच आहेत की वेगवेगळे? ग्रीकांनी हा गुंता सोडवायला काही शतके घेतली. त्याचा पहिला लेखी पुरावा होमरच्या काव्यांत सापडतो.

‘इलियड’ हे सुमारे १५,७०० ओळींचे काव्य. आज आपल्याला मिळते ते रूप त्याला इ.स.पूर्व आठव्या-सातव्या शतकात आले असावे. पण त्यापूर्वी कित्येक पिढ्या गायक या कथा तोंडी गात आले होते. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून अशी मौखिक परंपरा कशी चालते ते दाखवले. तेव्हा होमरमध्ये जे देव दिसतात ती एका कवीची लहर नव्हे. एका समाजाची माणसाकडे पाहण्याची ती रीत होती.

आता पहिल्याच सर्गातला प्रसंग पाहू. सेनापती अगमेम्नॉन भर सभेत अकिलीसचा अपमान करतो. युद्धातल्या लुटीपैकी अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस ही बंदिवान स्त्री आपण काढून नेऊ, असे बजावतो. अकिलीसच्या मनाचे दोन तुकडे होतात. तलवार उपसून या माणसाला इथेच आडवा करावा, की राग आवरावा? तो असा विचार करतो आहे, तलवार म्यानातून बाहेर येऊ लागली आहे, एवढ्यात अथीना स्वर्गातून उतरते, त्याच्या पाठीमागे उभी राहते आणि त्याचे केस धरून त्याला मागे ओढते. ती दिसते फक्त त्याला. सभेतल्या दुसऱ्या कोणालाही काही कळत नाही. दोघांचे बोलणे होते, आणि अकिलीस तलवार पुन्हा म्यानात सारतो.

हा प्रसंग सावकाश वाचला तर तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे, राग आवरण्याचा पर्याय देवीने आणलेला नाही. ती येण्याआधीच तो अकिलीसच्या मनात उभा आहे. दुसरी, देवी त्याला एकट्यालाच दिसते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण तुझा राग शांत करायला आलो आहोत असे अथीना सांगते, पण त्याला एक अट जोडते: तू ऐकशील तर! केस ओढणारी देवी हात मात्र धरत नाही. आज गप्प राहिलास तर पुढे तिप्पट भरपाई मिळेल, असे ती पटवून देते. अकिलीसही थोडा विचार करून ऐकतो. म्हणजे त्याला नाही म्हणता आले असते.

अथीनाला या प्रसंगातून वगळून पाहा. एक संतापलेला माणूस ऐन क्षणी स्वतःला आवरतो, एवढी गोष्ट शिल्लक राहते आणि ती तंतोतंत जुळते. मग देवी कशाला हवी? कारण असा क्षण ज्याने अनुभवला आहे त्याला ठाऊक असते, की आवरणारे ते जे काही असते ते ‘आपण’ केल्यासारखे वाटत नाही. कोणीतरी मागून धरल्यासारखे वाटते. होमरने त्या अनुभवाचे अचूक वर्णन केले आहे. निरीक्षण बरोबर आहे. पटत नसेल तर ते त्याचे स्पष्टीकरण.

सगळ्या विद्वानांना मात्र हे मान्य नव्हते. ब्रूनो स्नेल या जर्मन पंडिताने १९४६ साली एक प्रभावी पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की होमरच्या माणसांना ‘मी’ ही एकसंध कल्पनाच नव्हती. पुरावा भाषेचा. होमरमध्ये ‘सोमा’ म्हणजे शरीर हा शब्द जिवंत माणसासाठी येत नाही, फक्त प्रेतासाठी येतो. ही नोंद फार पूर्वी अलेक्झांड्रियाचा टीकाकार अरिस्टार्कस याने केली होती. मनालाही एक शब्द नाही. थ्यूमॉस, नोऑस, फ्रेनेस, मेनॉस असे अनेक आहेत, आणि प्रत्येकाचे काम थोडे वेगळे. (यांतला ‘मेनॉस’ म्हणजे आपल्या ‘मनस्’चा सख्खा भाऊ, आणि ‘थ्यूमॉस’चे नाते ‘धूम’ म्हणजे धुराशी. पण ग्रीकात मेनॉसचा अर्थ विचार करणारे मन असा राहिला नाही. अंगात संचारणारा आवेश असा झाला.) ज्याला एकसंध ‘मी’ नाही त्याच्या आत निर्णय कसा जन्मणार? म्हणून तो देवाकडून यावा लागतो, असा स्नेलचा निष्कर्ष.

या युक्तिवादात एक कच्चा दुवा आहे आणि तो मराठी माणसाला चटकन दिसावा. आपण म्हणतो, मला सुचले, मला राग आला, मला आठवले, मला हसू फुटले. या कोणत्याही वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. राग येतो, कल्पना सुचते. आपण फक्त ते घडण्याचे ठिकाण. एखाद्याचे वागणे बिघडले की आपण म्हणतो, त्याची बुद्धी फिरली. कोणी फिरवली ते भाषा सांगत नाही. उद्या एखाद्या परक्या पंडिताने यावरून मराठी लोकांना ‘मी’ची जाणीव नाही असे अनुमान काढले, तर आपण काय म्हणू? शब्द नसणे आणि ती गोष्ट नसणे यांत फरक आहे. शिवाय होमरची माणसे देवाशिवायही निर्णय घेतात. ‘इलियड’च्या अकराव्या सर्गात ओडिसिअस रणात एकटा सापडतो, पळावे की उभे राहावे याचा स्वतःशीच खल करतो आणि उभा राहतो. ‘ओडिसी’च्या विसाव्या सर्गात आपल्याच घरातल्या दासींचे वर्तन पाहून त्याचे रक्त उसळते, तो छातीवर हात आपटून आपल्या काळजाला दटावतो, याहून वाईट तू सोसले आहेस याची आठवण देतो. इथे केस ओढायला कोणी येत नाही.

स्नेलच्याही पुढे जूलियन जेन्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गेला. १९७६च्या पुस्तकात त्याने असे मांडले, की सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीपर्यंत माणसांना आजच्यासारखी आत्मजाणीवच नव्हती. मेंदूच्या उजव्या अर्धगोलात उमटणारे आदेश त्यांना देवांचे आवाज म्हणून प्रत्यक्ष ऐकू येत. पुस्तक वाचायला मोठे रंजक आहे. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या मेंदूचे कार्य तपासायची सोय नाही, आणि काव्यातल्या उल्लेखांवरून मेंदूच्या रचनेविषयी एवढे मोठे विधान करणे म्हणजे सावलीवरून माणसाचे वजन सांगण्यासारखे आहे.

अधिक समाधानकारक उत्तर आल्बिन लेस्की या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १९६१ मध्ये दिले. होमरमध्ये प्रत्येक मोठ्या कृतीला दोन प्रेरणा एकाच वेळी असतात, एक देवाची आणि एक माणसाची. एकीने दुसरी रद्द होत नाही. याचे छान उदाहरण सोळाव्या सर्गात आहे. शत्रूला जहाजांपासून हाकलले की परत फिर, असे अकिलीसने मित्र पॅट्रोक्लसला बजावलेले असते. तो विसरतो, ट्रॉयच्या तटापर्यंत धावत जातो आणि मारला जातो. मित्राचे ऐकले असते तर वाचला असता, मूर्खपणा केला, असे कवी म्हणतो. आणि लगेच पुढच्या ओळींत झ्यूसची इच्छा माणसापेक्षा बलवत्तर, त्यानेच हा आवेश त्याच्या छातीत घातला, असेही म्हणतो. यात विसंगती आहे असे कवीला वाटतच नाही.

पण खरी कसोटी लागते ती जबाबदारीच्या प्रश्नावर. अकिलीस रुसून लढाईतून बाहेर पडल्यावर ग्रीकांची धूळधाण होते आणि शेवटी एकोणिसाव्या सर्गात समेट होतो. अगमेम्नॉन सभेपुढे जे सांगतो ते ऐकून आपल्याला प्रथम चीड येते. दोष माझा नव्हे, झ्यूसचा, नियतीचा आणि अंधारात फिरणाऱ्या एरिनीस देवतेचा. त्यांनी त्या दिवशी माझ्या मनात ‘आते’ घातली, असे तो म्हणतो. (या शब्दाचा आपल्या आतेशी काही संबंध नाही! आते म्हणजे बुद्धीवर येणारे आंधळेपण, आणि ते आणणारी देवताही.) सरळ सरळ हात झटकणे वाटते, नाही का?

मात्र पुढे वाचायला हवे. देवांनी माझी बुद्धी हिरावली, म्हणून मी भरपाई करायला तयार आहे, असे तो म्हणतो. आणि ती भरपाई खरोखर होते. सात तिवया, वीस कढया, बारा घोडे, दहा टॅलेंट सोने, सात स्त्रिया आणि आठवी ब्रिसेइस, हे सारे सभेत आणून मांडले जाते. सोन्याचे वजन ओडिसिअस स्वतः करतो. (या यादीत स्त्रिया कढयांच्या पंक्तीला बसतात, त्याबद्दल होमरला काहीही वाटत नाही, आपल्याला वाटायला हवे.) ई. आर. डॉड्स या विद्वानाने १९५१च्या ग्रंथात आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो अकिलीससुद्धा हे स्पष्टीकरण मान्य करतो. ही पळवाट असती तर त्याने ती पहिल्यांदा उडवून लावली असती. तेव्हा होमरच्या जगात कारण देवाकडे असू शकते, पण देणे कर्त्यालाच फेडावे लागते. ‘ओडिसी’च्या आरंभी खुद्द झ्यूस तक्रार करतो, की ही माणसे उठसूट देवांना दोष देतात. एगिस्थसला आपण हर्मीसला पाठवून आधीच बजावले होते, तरी त्याने अगमेम्नॉनच्या पत्नीशी संबंध ठेवून त्याचा खून केलाच. मग त्याचे फळ त्याने भोगले!

वैज्ञानिकांना हे द्वैत अगदीच परके नाही. रामानुजन आपली गणिती सूत्रे नामक्कलच्या नामगिरी देवीची कृपा मानत, असे त्यांच्या परिचितांनी नोंदवून ठेवले आहे. पण त्यामुळे एकाही सूत्राची तपासणीतून सुटका झाली नाही. १९१३ साली हार्डींना कळवलेल्या निष्कर्षांपैकी मूळ संख्यांविषयीची काही विधाने चुकीची निघाली. त्यांच्या वह्यांतली बहुसंख्य सूत्रे बरोबर ठरली, पण ब्रूस बर्न्ट यांनी ती एकेक करून तपासली तेव्हा. ते काम १९८५ ते १९९८ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाले. सुचणे कुठूनही होवो, सिद्धता पाटीवर मांडावी लागते.

होमरच्या देवांचे मार्गदर्शन नेहमी हिताचे असते असेही नाही. हीच अथीना चौथ्या सर्गात ट्रॉयच्या पांडारसला बाण सोडायला भरीस घालते आणि तह मोडतो. बाविसाव्या सर्गात ती हेक्टरच्या भावाचे, डेइफोबसचे रूप घेऊन त्याला लढायला उभे करते. हेक्टर दुसरा भाला मागायला वळतो, तर भाऊ तिथे नसतोच. कृष्णार्जुनांच्या जोडीची सवय असलेल्या आपल्या वाचकाला डायोमीडीसचा रथ हाकणारी अथीना ओळखीची वाटते, पण ही देवी कोणाला काही तत्त्वज्ञान सांगत नाही. तिच्या वजनाने रथाचा आस करकरतो, एवढेच होमर सांगतो.

काव्यातल्या वीरांपुढे देव स्वतः येत. साध्या माणसाला मात्र त्यांच्या दारी जावे लागे. वायव्य ग्रीसमधल्या डोडोना येथे झ्यूसचे स्थान होते. तिथे शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेले प्रश्न उत्खननात मिळाले. २०१३ मध्ये असे चार हजारांहून अधिक लेख प्रसिद्ध झाले. एकजण विचारतो, मेंढ्या पाळणे मला लाभेल का? दुसरा विचारतो, तिच्या पोटातले मूल माझेच का? प्रश्न कसे आहेत पाहा. काय करू, असे मोघम विचारण्यापेक्षा मनाशी आधीच योजलेली गोष्ट पुढे ठेवून तिला होकार मागितलेला आहे.

डेल्फीच्या कौलाबाबतही असेच. इ.स.पूर्व ४८०मध्ये इराणची स्वारी आली, तेव्हा लाकडी भिंत तुम्हाला तारील असा कौल अथेन्सला मिळाला. भिंत कोणती यावर सभेत कडाक्याची चर्चा झाली. काहींच्या मते किल्ल्याचे कुंपण, थेमिस्टोक्लिसच्या मते जहाजे. सभेने थेमिस्टोक्लिसचे ऐकले आणि सलामिसच्या समुद्रात विजय मिळवला. किल्ल्यावर लाकडे रचून बसलेले मारले गेले. कौल एकच, निर्णय दोन. लिडियाच्या क्रीसस राजाला तर, तू स्वारी केलीस तर एक मोठे राज्य नष्ट होईल, असा कौल मिळाला होता. ते राज्य त्याचेच निघाले. त्याने तक्रार केली तेव्हा डेल्फीने उत्तर दिले, की कोणते राज्य हे विचारायचे काम तुझे होते. निदान हेरोडोटस तरी असे सांगतो.

पुढे हा समतोल ढळू लागला. एफेससच्या हेराक्लायटसने अवघ्या तीन शब्दांत सांगून टाकले, की माणसाचा स्वभाव हाच त्याला चालवणारा देव. इ.स.पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतल्या एका वैद्याने फेफऱ्यावर ग्रंथ लिहिला. या रोगाला ‘पवित्र रोग’ म्हणत. वैद्य म्हणतो, हा इतर रोगांहून जास्त पवित्र नाही. त्याचे मूळ मेंदूत आहे, आणि हा रोग झालेल्या बकरीचे डोके फोडून पाहिलेत तर मेंदू पाण्याने भरलेला दिसेल. कफाने रक्तवाहिन्या तुंबतात हे त्याचे स्पष्टीकरण आज टिकत नाही, पण डोके उघडून पाहा, हे सांगणे टिकते. गंमत म्हणजे तो देवांना हद्दपार करत नाही. सगळेच रोग दैवी आणि सगळेच मानवी, असे तो म्हणतो. होमरची दुहेरी प्रेरणाच ही, वैद्याच्या भाषेत!

न्यायाच्या बाबतीत मात्र तडजोड अवघड होती. युरिपिडिसच्या ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ (इ.स.पूर्व ४१५) या नाटकात युद्ध संपले आहे आणि हेलन आपला बचाव करते आहे: अफ्रोडायटीने मला ओढून नेले, मी काय करणार? ‘इलियड’मध्ये म्हातारा प्रायम तिला जवळ बसवून, दोष तुझा नाही, देवांचा, असे म्हणाला होता. इथे त्याचीच विधवा हेक्युबा उत्तर देते, की माझा मुलगा देखणा होता. त्याला पाहिलेस आणि तुझे मनच अफ्रोडायटी झाले. अगमेम्नॉन देवाचे नाव घेऊन भरपाई देत होता. हेलन देवाचे नाव घेऊन ती टाळू पाहते. शब्द तेच, पण त्यांचे काम बदलले, आणि तिथे हेक्युबासारखा सवाल उठणे भागच होते. आज देवांच्या जागी जनुके, संप्रेरके, घरची परिस्थिती अशी कारणे येतात, आणि ती बहुधा खरीही असतात. वर्गात मारामारी केलेल्या मुलाबद्दल बोलताना आपण अगमेम्नॉनच्या बाजूने बोलतो आहोत की हेलनच्या, एवढे तपासून पाहण्यासारखे आहे.

सॉक्रेटिसलाही लहानपणापासून एक दैवी आवाज ऐकू येई. प्लेटोच्या सांगण्यानुसार तो आवाज कधीच अमुक कर असे सांगत नसे. काही करायला निघाले की फक्त थांबवत असे. अकिलीसच्या केसांना बसलेला हिसडाच जणू! इ.स.पूर्व ३९९मध्ये त्याच्यावर जो खटला झाला त्यात तरुणांना बिघडवणे, नगराचे देव न मानणे आणि नवी दैवते आणणे असे आरोप होते. त्यांतल्या शेवटच्या आरोपाचा रोख या आवाजाकडे होता.

शिक्षकांच्या ओळखीचा एक शब्दही याच परंपरेतून आला आहे. नवशिक्या शिक्षकाच्या अनुभवी मार्गदर्शकाला हल्ली ‘मेंटॉर’ म्हणतात. मूळचा मेंटॉर ‘ओडिसी’त आहे. युद्धाला जाताना ओडिसिअसने घर त्याच्यावर सोपवलेले असते, आणि तो बिचारा फारसे काही करू शकलेला नाही. तरुण टेलेमॅकसला वाट दाखवते ती त्याचे रूप घेतलेली अथीना. आदर्श शिक्षक म्हणून मेंटॉरची ख्याती झाली ती मुख्यतः फेनेलॉन या फ्रेंच लेखकाच्या १६९९च्या कादंबरीमुळे. ‘ओडिसी’तली अथीना शिकवते थोडे. पायलॉसला पोचल्यावर टेलेमॅकस बुजतो. एवढ्या वडीलधाऱ्या नेस्टरशी मी कसा बोलू? ती सांगते, काही तुझे तुलाच सुचेल आणि काही देव सुचवील. मग पुढे चालू लागते.

तिकडे इथाकात नोएमॉन नावाचा माणूस कोड्यात पडतो. टेलेमॅकसला जहाज त्यानेच दिलेले. जहाजावर चढताना त्याने मेंटॉरला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि काल पहाटे मेंटॉर गावातच दिसला. दोन्ही निरीक्षणे खरी, दोन्ही एकत्र अशक्य. मग तो मेंटॉर होता की त्याच्या रूपातला कोणी देव, असे तो मोठ्याने बोलून दाखवतो, आणि आपले जहाज कधी परत येणार याची चौकशी करतो. त्याला पलीकडच्या तीरावरच्या आपल्या घोड्यांकडे जायचे असते.